न उजळलेली नळी

“मॅडम, त्या किडनीच्या केसची चौकशी तुमच्याकडे आहे ना? मग आधी मला भेटा. तो माणूस माझ्यामुळे गेला.”

फोनवरचा आवाज एवढं बोलून थांबला. मागे कुठलं तरी यंत्र घुमत होतं.

“तुम्ही कोण?” चौकशीबाईंनी विचारलं.

“हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माझी लॅब आहे. दिवेवाला कुठे बसतो म्हणून विचारा. कुणीही सांगेल.”

चौकशीबाईंनी पर्स उचलली. रुग्णांच्या तक्रारी तपासणं हे आरोग्य खात्यातलं त्यांचं काम. आजवर दोषी माणूस शोधायला त्यांनी चपला झिजवल्या होत्या. कुणी आपणहून फोन करून हजर झालं नव्हतं.

तक्रार एका विधवेची होती. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्याचा धाकटा भाऊ एक किडनी द्यायला तयार होता. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. पण धाकट्याच्या लघवीत प्रोटीन सापडलं, म्हणजे त्याचीच किडनी गळत असणार. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. डॉक्टरांनी त्याला बाद केलं. थोरला किडनी मिळण्याच्या यादीत नाव लावून, दुसऱ्या कुणाच्या किडनीची वाट बघत गेला.

त्यानंतर धाकट्याची नव्या नोकरीसाठी तपासणी झाली, आणि त्याच्या किडन्या ठणठणीत निघाल्या.

‘हॉस्पिटलने नमुन्यांची अदलाबदल केली आणि माझा नवरा मारला,’ असं विधवेने लिहिलं होतं.

दिवेवाल्याची लॅब म्हणजे एक लांबट खोली होती. खिडकीला काळा कागद, कोपऱ्यात उभा फ्रीजर, टेबलावर बारक्या नळ्यांचे स्टँड. अंधार करून उजळणाऱ्या नळ्या बघत बसणं हे त्याचं काम, त्यावरून हॉस्पिटलातल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. माणूस चाळिशीचा, सडपातळ. दाढी दोन दिवसांची.

“नमुने बदलले होते का?” चौकशीबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

“नाही. त्या नमुन्यांतल्या पेशी मी परवा तपासून घेतल्या. त्या धाकट्या भावाच्याच आहेत.”

“मग तुमचा काय संबंध?”

त्याने एक नळी समोर धरली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं.

“यात एक रेणू आहे. मी बनवलेला. त्याला दोन प्रश्न विचारता येतात. हे आहे का? आणि तेही आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच तो निळा उजळतो. नाहीतर गप्प राहतो.”

“कम्प्युटरसारखं?”

“कम्प्युटरच म्हणा. फक्त तारा नाहीत, वीज नाही. डीएनएचा एक छोटा दोरा स्वतःभोवतीच गुंडाळून ठेवलाय आणि त्याला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली म्हणजे माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन. दुसऱ्याची किल्ली आणखी एक बारीक प्रोटीन. किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना ज्या आजाराची शंका होती, त्यात दोन्ही लघवीत उतरतात. दोन्ही किल्ल्या लागल्या की दोरा उलगडतो आणि उजेड पडतो.”

“आणि धाकट्याच्या नमुन्यात?”

“नेहमीच्या तपासणीत भरपूर प्रोटीन. आणि माझ्याकडे मिट्ट काळोख.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

चौकशीबाई थोड्या पुढे वाकल्या. “हे तुम्ही मोठ्या डॉक्टरांना सांगितलं?”

दिवेवाल्याने नळी स्टँडमध्ये परत ठेवली.

“नाही. माझं काम अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. उरलेले नमुने माझ्याकडे येतात, उपचार माझ्या उत्तरावर ठरत नाहीत. त्याच आठवड्यात मंजुरीसाठी समितीपुढे जायचं होतं. मोठे डॉक्टर आधीच थट्टा करायचे, म्हणायचे, तुमचे दिवे लागले तर लागले. मला वाटलं, माझाच रेणू तोंडघशी पडला. म्हणून मी त्या दोन्ही नमुन्यांवर ‘खराब’ असं लिहिलं आणि फ्रीजरमध्ये अगदी मागे सरकवून दिले.”

“रेणू खरंच बिघडला होता का, हे आत्ता कळेल?”

त्याने दिवा बंद केला. गोठवून ठेवलेल्या नमुन्याचा एक थेंब नळीत टाकला. काही झालं नाही. मग दुसऱ्या बाटलीतून त्याने दोन्ही प्रोटीनं त्याच नळीत घातली. हळूहळू निळा उजेड चढला, इतका की त्याचे हात दिसायला लागले.

“बघा. नळी आंधळी नव्हती. नमुन्यानेही तिला अडवलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं तिने खरं उत्तर दिलं होतं. दोन्ही कुलपं मी वेगवेगळीही तपासली. एकही उघडलं नव्हतं.”

“पण प्रोटीन तर होतं.”

“होतं. नेहमीची तपासणी प्रोटीन आहे एवढंच सांगते. कुणाचं, ते विचारत नाही. मॅडम, त्या नमुन्यातलं प्रोटीन माणसाचं नव्हतंच. कुणीतरी ते बाहेरून टाकलं.”

“काय टाकलं?”

“काहीही असू शकतं. दूध, अंडं, सोयाची पावडर. मला थोडे दिवस द्या. प्रश्न बदलून नवा रेणू बांधतो.”

“बांधा,” चौकशीबाई उठल्या. “आणि हे बाहेर बोलू नका. गप्प बसायची सवय आहेच तुम्हाला.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःलाच ते लागलं. पण त्यांनी ते परत घेतलं नाही.

चोवीस तासांची लघवी घरीच एका कॅनमध्ये जमा करायची आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेऊन द्यायची, अशी ती तपासणी होती. म्हणजे कॅन दिवसभर घरात होता. प्रश्न एवढाच, की घरात कोण होतं.

घर दुसऱ्या मजल्यावर. दार विधवा वहिनीनेच उघडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर थोरल्याच्या आहाराचा कागद अजून चिकटवलेला होता. मीठ चिमूटभर, केळी बंद, पाणी मोजून, अंड्यातला फक्त पांढरा भाग, रोज. कुणाला तो काढवला नव्हता.

“दीर आपणहून तयार झाले होते?” चौकशीबाईंनी विचारलं.

वहिनीने दार लोटून घेतलं.

“मी त्याच्या पाया पडले होते. थोरली वहिनी धाकट्या दिराच्या पाया पडते. मग तो नाही कसा म्हणणार? सगळ्यांच्या देखत हो म्हणाला. आता वाटतं, मी त्याला विचारलंच नव्हतं, नुसतं बांधून घातलं होतं.”

“पहिल्या तपासणीच्या वेळी घरात कोण होतं?”

“सगळे.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“आम्ही दोघं हॉस्पिटलात. ह्यांच्या छातीत पाणी झालं होतं. मी तिथेच झोपायचे. घरचा डबासुद्धा चालत नव्हता, खाणंपिणं सगळं तिथलंच.”

धाकट्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. बोलताना तिचे हात थांबत नव्हते.

“मी नव्हतेच दुसऱ्या वेळी. बाबांचा पाय मोडला म्हणून माहेरी गेले होते. परत आले तर कॅन देऊन झाला होता. आल्या आल्या स्वयंपाकघरात जुंपले. आमच्या सासूबाई काही म्हणजे काही टाकू देत नाहीत. कालचा भात, परवाची भाजी. फ्रीज उघडला तर वाटीभर ताजे पिवळे बलक माझी वाट बघतायत! रोज त्या बलकांचं मी काय करायचं? तर म्हणाल्या, वाया घालवू नकोस, केसांना लाव.”

“नवऱ्याने किडनी द्यावी असं तुम्हाला वाटत होतं?”

घडी अर्धवट राहिली.

“खरं सांगू? नाही. कधी बोलले नाही, बोलायची सोयच नव्हती. पण भाऊजी गेल्यापासून जाऊबाईंच्या डोळ्यांत बघता येत नाही मला. काही केलं नाही तरी.”

सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. बुटक्या, नीटनेटक्या. मागे नवऱ्याचा फोटो होता.

“हे गेले ते साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला,” त्या न विचारताच म्हणाल्या. “सकाळी दाढी करून गेले. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळी गप्पा मारत बसा.”

“तुमची किडनी देता आली नसती?”

“देणार होते की! मीच पहिली गेले होते. साखर आहे म्हणून मला परत पाठवलं.” त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. “ताई, धाकट्याचा तो नमुना अजून ठेवलाय का?”

“हो. गोठवून.”

“इतके दिवस टिकतो?”

“टिकतो.”

त्यांनी मान डोलावली आणि टेबलावर उमटलेलं पेल्याचं ओलं वर्तुळ पदराने पुसलं.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. चौकशीबाई त्याला गाठायला एका उंच इमारतीच्या गच्चीवर गेल्या, मशीनच्या खोलीत. जाडजूड तारा चाकावरून खाली अंधारात उतरत होत्या. सगळीकडे ग्रीसचा वास. त्याने हात पुसले, लिफ्टचं बटण बंद केलं आणि त्यांना बसायला हत्यारांची पेटी दिली.

“तुमच्या नमुन्यात कुणीतरी काहीतरी टाकलं होतं,” चौकशीबाई म्हणाल्या.

तो पटकन म्हणाला, “मी टाकलं. माझंच काम ते.”

“काय टाकलंत?”

“साखर.”

“किती?”

“चार चमचे.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा. लिहून घ्या. सही कुठे करू?”

“नमुन्यात साखर नाही,” चौकशीबाई शांतपणे म्हणाल्या. “कणभरही नाही.”

तो दाराला टेकला. “मग काय सापडलं?”

विचारल्यावर त्याच्याही लक्षात आलं. ज्याने टाकलं त्याने हा प्रश्न विचारला नसता.

“कशाला अंगावर घेता?”

“कारण मी केल्यासारखंच आहे, मॅडम. डॉक्टर म्हणाले तुम्ही बाद, तेव्हा मी तोंड पाडलं. दादाला मिठी मारून रडलो. आणि मग बाहेर टपरीवर जाऊन चहा प्यायलो. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. मला हायसं वाटलं होतं. दादा आत सुया टोचून पडलेला, आणि मला हायसं वाटत होतं.”

“भीती वाटते, हे तुम्ही कुणाला बोलला होता?”

“कुणाला नाही.”

“बायकोला?”

“नाही म्हटलं ना. कुणालाच नाही.” त्याने वळून लिफ्ट चालू केली. तारा पुन्हा सरकायला लागल्या.

खाली उतरताना चौकशीबाईंच्या मनात ‘कुणालाच नाही’ हे एकच उत्तर घोळत होतं. चहाचं सगळं तो सावकाश बोलला होता. हे मात्र घाईने.

दिवेवाल्याचा फोन आल्यावर त्यांनी सगळ्यांना त्याच्या लॅबमध्ये बोलावलं. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. धाकटा आणि त्याची बायको दारापाशी. सासूबाईंना एकुलतं स्टूल दिलं. खोलीत एवढी माणसं पहिल्यांदाच आली असावीत. दिवेवाला सारखा स्टँड इकडून तिकडे हलवत होता.

“सांगा,” चौकशीबाई त्याला म्हणाल्या.

“माणसाचं प्रोटीन शोधणारी माझी जुनी नळी दोन्ही वेळा काळीच राहिली होती, म्हणून मी तीन नवे रेणू बांधले. तिघांचा अर्धा प्रश्न एकच. माणसाचं अल्ब्युमिन नाही ना? उरलेला अर्धा वेगळा. एक विचारतो, दूध आहे का? दुसरा, सोया आहे का? तिसरा, अंडं आहे का? माणसाचं नाही आणि दुसरं आहे, असं असेल तरच तो हिरवा उजळणार.”

दिवा बंद झाला. तिन्ही नळ्यांत त्याने थेंब टाकला. पहिली काळी. दुसरी काळी. तिसरी उजळली. मग दुसऱ्या तपासणीचा नमुना घेतला. पुन्हा तिसरीच.

“अंड्यातला पांढरा भाग,” दिवेवाला म्हणाला. “दोन्ही वेळा.”

चौकशीबाईंनी दिवा लावला.

“तक्रारीत नमुने बदलल्याचा आरोप होता,” त्यांनी सुरुवात केली. “ते खोटं ठरलं, नमुने धाकट्यांचेच आहेत. मग अंडं कुणी टाकलं? पहिल्या वेळी घरात सगळे होते, त्यावरून काही ठरत नाही. दुसऱ्या वेळी थोरले हॉस्पिटलात, वहिनी त्यांच्याजवळ. धाकटी सून माहेरी. कॅनजवळ दोघंच राहिले. धाकटे आणि आई.”

“मी सांगितलंय तुम्हाला,” धाकटा मध्येच म्हणाला. “मी केलं.”

“तुम्ही साखर टाकली म्हणालात. काय टाकलंय हे तुम्हाला माहीतच नव्हतं. कुणावर संशय आहे, तेवढं मात्र माहीत होतं.”

तो खाली बघायला लागला.

“आता फ्रीजमधली वाटी,” चौकशीबाई धाकटीकडे वळल्या. “तुम्ही माहेरून आलात तेव्हा त्यात पिवळे बलक होते. रोजच असायचे, म्हणून तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण घरात नुसता पांढरा भाग खाणारा माणूस एकच होता. तो तेव्हा हॉस्पिटलात होता आणि त्याला घरचं काही चालत नव्हतं. मग त्या अंड्यांचा पांढरा भाग गेला कुठे? धाकट्यांनी हे केलं असतं, तर बलक मोरीत ओतले असते. कसलाही माग ठेवला नसता. ते वाटीत झाकून ठेवणारी बाई या घरात एकच आहे. काही म्हणजे काही वाया जाऊ न देणारी.”

“पुरे, ताई,” सासूबाई म्हणाल्या.

फ्रीजर घुमत राहिला.

“थोरल्याचा आहार लिहून देणाऱ्या त्या बाईनेच शिकवलं होतं मला,” त्या बोलायला लागल्या. “पांढरा भाग म्हणजे नुसतं प्रोटीन. आणि डॉक्टर म्हणाले होते, प्रोटीन सापडलं तर हा बाद. मग थोरल्याचं नाव यादीत जाईल, कधी ना कधी नंबर लागेल. मला वाटलं, लागेल. तोवर दोघंही राहतील. एकाला आजार होता, तो मी केलेला नव्हता. दुसऱ्याला मी स्वतः सुरीखाली पाठवायचं? ह्यांना पाठवलं होतं तसं?”

“आणि दुसऱ्या वेळी?” चौकशीबाईंनी विचारलं.

“एकदा केल्यावर दुसऱ्यांदा करावंच लागलं. नाहीतर पहिलं उघडं पडलं असतं. आणि नंतर थोरला खंगत चालला, तेव्हा बोलायचं म्हणून रोज उठायचे. पण बोलायचं कुणाच्या तोंडावर?”

“आई, मी भीती वाटते म्हणालो होतो,” धाकट्याचा आवाज चिरकला. “हे थांबव, असं म्हणालो नव्हतो.”

“मग माझ्याशी बोललास कशाला?”

वहिनी इतका वेळ हलली नव्हती. ती आता सासूच्या समोर येऊन उभी राहिली.

“यादीवाल्यांचा फोन येईल म्हणून आपण दोघी त्या फोनजवळ बसायचो. रोज. तुम्ही माझ्या शेजारी बसायचात.”

“तुझ्याइतकीच वाट बघत होते गं.”

वहिनीने तोंड फिरवलं.

म्हातारीने डोळे पुसले नाहीत. ती दिवेवाल्याकडे वळली.

“तुमची नळी पहिल्याच वेळी काळी राहिली होती ना?”

“हो, आजी.”

“मग बोलला का नाहीत? मला पकडायचं होतंत तुम्ही. तेव्हाच पकडलं असतंत, तर मी तुरुंगात असते आणि पोरगा घरी असता.”

दिवेवाल्याने फक्त हात जोडले. ते कुणी पाहिलं नाही.

“अहवालात दोघांचंही येईल,” चौकशीबाई म्हणाल्या. आवाज कोरडा ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. “केलेलं आणि लपवलेलं. आजी, तुम्हाला आज पोलिसांत जबाब द्यावा लागेल. बरोबर कुणीतरी लागेल.”

“मी येतो,” धाकटा पुढे झाला.

“तू नको,” आई म्हणाली. “तू समोर धडधाकट दिसलास की मला वाटायला लागतं, मी केलं ते बरोबरच केलं. तू घरी जा.”

तो जिथल्या तिथे थांबला. त्याच्या बायकोने त्याचा दंड धरला. तिलाही पुढे यायचं धैर्य झालं नाही. म्हातारी स्टुलावरून उठली, तोल सावरला आणि कुणाकडे न बघता दाराकडे निघाली.

वहिनीने खांद्यावरची पर्स नीट केली.

“मी येते,” ती म्हणाली. “तक्रार माझी आहे.”

तिने सासूचा हात धरला नाही. पण पायऱ्या चढताना ती तिच्या पुढेही गेली नाही. एकेक पायरी थांबत, म्हाताऱ्या पावलांच्या चालीने, दोघी वर गेल्या.